रूळ पुढे गेल्यावर मागे राहणारी माणसे : अमेरिकेतील रेल्वेगावे आणि ख्रिस्ती प्रेमकथा

(मराठी वाचकांच्या मंचावरील एक धागा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव दिले आहे.)

प्लॅटकाठ :

नेब्रास्कात राहायला आल्यापासून येथील सार्वजनिक वाचनालयातील एका कपाटाशी माझे नाते जुळले आहे. त्या कपाटात केवळ ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा ठेवलेल्या असतात. मी नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरात वाढले. त्यामुळे जेवणाआधीची प्रार्थना, रविवारची उपासना, संकटाच्या रात्री दिव्याजवळ उघडले जाणारे पवित्र शास्त्र या गोष्टी कोणतेही स्पष्टीकरण न देता कादंबरीत आलेल्या पाहून मला पहिल्यांदा फार आपलेपणा वाटला होता. १९७९ साली कॅनडाच्या जॅनेट ओके यांची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या यशानंतर या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला. अमेरिकेच्या पश्चिमेकडे नव्याने वसणाऱ्या रेल्वेगावात घडणाऱ्या कथा हा त्यातील माझ्या विशेष आवडीचा भाग आहे.

या कथांचा साचा वाचकाला लवकरच पाठ होतो. पूर्वेकडील शहरातून एखादी शिक्षिका किंवा तरुण विधवा आगगाडीने पश्चिमेला येते. तिला उतरवून घ्यायला आलेला माणूस पत्रांतून वाटला होता तसा नसतो. गावात गुत्ते पुष्कळ असतात आणि उपासनेला मात्र जागा नसते. शेवटी नायक-नायिकेचे लग्न आणि चर्चची नवी घंटा यांचा योग एकाच सुमारास येतो. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडले जाऊन ‘विजोड’ न होण्याची जी आज्ञा आहे, तिच्यावर सगळा पेच उभा असतो. नायक कितीही सज्जन असला तरी त्याचा विश्वास जागा झाल्याशिवाय नायिका होकार देऊ शकत नाही. बाहेरच्या वाचकाला ही अट ओढूनताणून आणलेली वाटेल, पण आमच्याकडे स्थळे पाहताना हा शब्द आजही गंभीरपणे उच्चारला जातो, म्हणून मला ती अट खरी वाटते.

माझी तक्रार आगगाडीविषयी आहे. पहिल्या प्रकरणात ती नायिकेला उतरवते आणि त्यानंतर कथेतून निघून जाते. गाव जणू पूर्वीपासून तेथेच होते आणि पुढेही राहणारच आहे, अशा निश्चिंतपणे बाकीची कथा घडते. प्रत्यक्षात या गावांच्या राहण्या-न राहण्याचा काहीच भरवसा नव्हता. १८६२ च्या रेल्वे कायद्यानंतर युनियन पॅसिफिक या कंपनीने ओमाहाहून पश्चिमेकडे आणि सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे रूळ टाकायला घेतले आणि १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमोन्टरी येथे दोन्ही मार्ग जोडले गेले. मधल्या काळात युनियन पॅसिफिकच्या रुळांचे टोक जसजसे पुढे सरके, तसतसे गावही उचलून पुढे नेले जाई. तंबू, लाकडी तक्ते, गुत्त्याचे टेबल, नाचघराची जमीन, सारे काही मालडब्यांवर चढे. वायोमिंगमधील बेंटन हे गाव १८६८ च्या उन्हाळ्यात वसले आणि सुमारे तीन महिन्यांत नाहीसे झाले. तेथे पाणी नव्हते. नॉर्थ प्लॅट नदीवरून वाहून आणलेले पाणी पिंपाला एक डॉलर या भावाने विकत घ्यावे लागे. ज्या गावात पुढच्या महिन्यात रस्ताही उरणार नाही, तेथे एखाद्या पुरुषाने एखाद्या स्त्रीला ‘मी येथे राहीन’ असे सांगणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! या वाक्याइतके प्रेमाचे आणि श्रद्धेचे दुसरे वाक्य त्या प्रदेशात असू शकत नाही, असे मला वाटते.

शायेन या गावाची आखणी जुलै १८६७ मध्ये झाली आणि १३ नोव्हेंबरला रूळ तेथे पोहोचले. जानेवारी १८६८ मध्ये रेव्हरंड जोसेफ कुक हे एपिस्कोपल पाळक तेथे आले आणि त्याच वर्षी सेंट मार्क्सची इमारत उभी राहिली. गाव टिकेल की उठून जाईल हे ठरण्याआधी कोणी तरी तेथे वेदी बांधायला घेतली होती, हे लक्षात आले की त्या लाकूडकामाकडे मी वेगळ्या नजरेने पाहते.

दोन वर्षांपूर्वी शायेन आणि लॅरमी यांच्या मधल्या उंच पठारावर शर्मन या गावाची जागा पाहायला मी गेले होते. तेथे रेल्वेच्या उभारणीत वाटा असलेल्या एम्स बंधूंच्या स्मरणार्थ साठ फूट उंचीचा ग्रॅनाइटचा पिरॅमिड आहे. तो १८८२ मध्ये पुरा झाला, तेव्हा गाड्या त्याच्या जवळून जात आणि शेजारी गाव होते. १९०१ च्या सुमारास रूळ दक्षिणेकडे हलवले गेले आणि गाव ओस पडले. आज पिरॅमिड एकटा उभा आहे. वारा इतका होता की मोटारीचे दार उघडायला मला दोन्ही हात लावावे लागले. जुन्या मार्गाच्या जागेवरून मी गुलाबी खडीचा एक खडा उचलला, मुठीत धरला आणि पुन्हा होता तेथे ठेवून दिला.

मी या विषयावर मराठीत कादंबरी लिहायला घेतली आहे. स्थळ लॅरमी आणि काळ १८६८ ते १८७०. नायिका मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची विधवा असून तंबूत पाव भाजून विकते. नायक सुतार आहे. शर्मनच्या पश्चिमेला डेल क्रीकवर जो सुमारे दीडशे फूट उंचीचा लाकडी पूल एप्रिल १८६८ मध्ये पुरा झाला, त्यावर त्याने काम केले आहे. मे महिन्यात रूळ लॅरमीला पोहोचतात, दोघांची ओळख वाढते, आणि मग रूळ पुढे निघतात. माझ्या आराखड्यात तो कामाबरोबर पश्चिमेला जातो आणि प्रोमोन्टरीचे काम संपल्यावर, जून १८६९ मध्ये, तिच्याकडे परत येतो. हे कथानक जाणकारांनी तपासावे अशी माझी विनंती आहे.

भुसावळ जंक्शन :

माझे वडील इंजिन चालवत आणि माझे बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेले. त्यामुळे कोणते गाव टिकते आणि कोणते उठते याविषयी थोडे सांगता येईल. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि कोळसा लागतो, आणि शंभर-सव्वाशे मैलांनंतर इंजिन व त्यावरची माणसे बदलावी लागतात. अशी बदली जेथे होते तेथे इंजिनघर, दुरुस्तीचे कारखाने आणि कायम पगारावरचे कामगार येतात. त्यांच्यामागे बायकामुले, शाळा आणि देवळे येतात. शायेन आणि लॅरमी टिकली ती या कारणाने, आणि बेंटन कोरडे असल्याने त्याला हे भाग्य लाभणे शक्यच नव्हते. तुमच्या सुताराला लॅरमीत राहायचे असेल तर त्याला कारखान्यात काम मिळू शकते, मात्र पुढच्या टोकावर जी रोजंदारी मिळते ती तेथे मिळणार नाही. आपल्या कथेत हा हिशेब स्पष्ट दिसू द्यावा. माझ्या आईने बदलीच्या प्रत्येक हुकमानंतर तुळशीची कुंडी ट्रंकेशेजारी ठेवून प्रवास केला आहे. रेल्वेच्या माणसाशी संसार करणे म्हणजे काय, हे तुमच्या पाववालीला पहिल्या दिवसापासून कळत असणार.

डेल क्रीकचा पूल वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला दोर आणि तारांचे ताण दिले होते. सुताराच्या तोंडी हा तपशील शोभेल.

कोरा कागद :

विषयाची मांडणी मनापासून आवडली, तरीही एक अवघड प्रश्न विचारणे मला आवश्यक वाटते. ‘मी येथे राहीन’ हे वाक्य आपल्याला इतके उदात्त वाटते, पण ‘येथे’ म्हणजे कोणाच्या भूमीवर? ज्या शायेन गावाचे आपण वर्णन केले आहे त्याला नाव ज्या लोकांचे दिले, त्या शायेन लोकांना आणि त्यांच्या शेजारच्या अरापाहो व लाकोटा लोकांना तेथे राहण्याची मुभा उरली नाही. रेल्वेला प्रत्येक मैलामागे एक आड एक अशा चौरस मैलांच्या तुकड्यांत जमीन बहाल केली गेली. १८६२ च्या कायद्यात मैलामागे असे दहा तुकडे होते आणि १८६४ मध्ये ते वीस झाले. सेंट्रल पॅसिफिकचा डोंगरातील मार्ग हजारो चिनी मजुरांनी फोडून काढला. त्याच वायोमिंगमध्ये, युनियन पॅसिफिकच्या कोळशाच्या खाणी असलेल्या रॉक स्प्रिंग्ज या गावात, २ सप्टेंबर १८८५ रोजी गोऱ्या खाणकामगारांनी किमान २८ चिनी खाणकामगारांची हत्या केली आणि त्यांची घरे जाळली. त्यांनाही तेथेच राहायचे होते.

मी ख्रिस्ती नाही. पण शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा हा ज्या धर्माचा गाभा आहे, त्या धर्माच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथेत हा शेजारी पानभरही दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

प्लॅटकाठ :

आपला प्रश्न मी टाळणार नाही. तो वाचल्यावर दोन दिवस मी काहीही लिहू शकले नाही. माझ्या मसुद्यात मूळ रहिवाशांचा उल्लेख फक्त भीतीच्या प्रसंगी येत होता आणि चिनी मजूर एकही नव्हता, कारण १८६८ मध्ये ते लॅरमीपासून दूर पश्चिमेला काम करत होते. पण ही सबब पुरेशी नाही. १८६८ याच वर्षी अमेरिकी सरकार आणि लाकोटा वगैरे लोक यांच्यात फोर्ट लॅरमीचा तह झाला, आणि त्या तहाची बातमी पाव घ्यायला आलेल्या सैनिकांच्या तोंडून माझ्या नायिकेच्या कानावर पडायलाच हवी. ती ऐकून तिच्या मनात काय उमटते हे मी आजवर लिहिले नव्हते, ते आता लिहीन.

चिनी माणसांविषयी एक गोष्ट मला माहीत आहे आणि ती स्वतंत्र कादंबरीच्या योग्यतेची आहे. १८७४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी चालवलेले एक मिशनगृह होते. विकल्या गेलेल्या आणि वेश्याव्यवसायात ढकलल्या गेलेल्या चिनी मुलींना तेथे आश्रय मिळे. पुढे त्यांपैकी अनेकींची लग्ने चिनी ख्रिस्ती पुरुषांशी झाली, आणि इच्छुक वराची वागणूक, मिळकत व विश्वास यांची चौकशी मिशनगृहातील बाई बारकाईने करीत. १८७५ च्या पेज कायद्यानंतर चिनी स्त्रियांना अमेरिकेत येणे फार अवघड झाले होते, त्यामुळे एकाकी आयुष्य काढणाऱ्या चिनी मजुरांच्या दृष्टीने अशा विवाहाचे मोल किती असेल याची कल्पना करावी. रेल्वेचा काळ, ख्रिस्ती श्रद्धा आणि प्रेम या तिन्ही गोष्टी येथे एकत्र आहेत, आणि तरीही वाचनालयातील माझ्या कपाटात मला अशी कथा अजून आढळलेली नाही.

पिंपळपार :

या धाग्यावर लक्ष्मीबाई टिळकांची आठवण निघाल्याशिवाय मला राहवत नाही. नारायण वामन टिळकांना राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच होत्या. पतीचा विश्वास बदलला, पत्नीचा बदलला नाही, आणि पुढची काही वर्षे त्या दोघांनी ताटातुटीत काढली. लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, जातिभेदाविषयी त्यांच्या मनात स्वतंत्र विचार पक्का झाल्यावर. ‘विजोड’ या शब्दाचा अर्थ ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला जितका कळतो तितका कोणत्याही उपदेशातून कळत नाही. तेथे मनपरिवर्तन वाचकाच्या सोयीने होत नाही. त्याला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत भांडणे, पत्रे, आजारपणे आणि मायाही असते.

म्हणून ताई, माझा आक्षेप आपल्या कथानकातील जून १८६९ वर आहे. रुळांची जोडणी झाली, हजारो माणसांचे काम संपले, आणि मग आपला सुतार परत आला. तो तिच्यासाठी आला की दुसरीकडे जायला जागा उरली नाही म्हणून आला, हे नायिकेला कसे कळावे? काम संपल्यावर येणे म्हणजे राहणे नव्हे. त्याने हातातले काम सोडून यायला हवे.

आणखी एक. सुतार आयरिश असेल तर तो बहुधा कॅथलिक असणार, कारण युनियन पॅसिफिकवर आयरिश माणसे फार मोठ्या संख्येने होती. त्या काळात मेथॉडिस्ट विधवेला हा संबंधसुद्धा विजोडच वाटला असता. कपाटातील कथा हा कोपरा बहुधा झाकून ठेवतात. आपण तो झाकू नये.

चांदणवेल :

नायिकेच्या बाजूने काही सांगते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमिनीवर दावा करण्याचा हक्क अविवाहित प्रौढ स्त्रीला आणि विधवेलाही दिला. नवरा हयात असलेल्या आणि त्याच्याबरोबर नांदणाऱ्या स्त्रीला तो स्वतःच्या नावाने सहसा मिळत नसे. म्हणजे विधवा होकार देताना केवळ मन देत नव्हती, हा हक्कही पणाला लावत होती. पाववालीने जमिनीचा दावा केलेला असो वा नसो, हा विचार तिच्या मनात येऊन जायला हवा.

आपण निवडलेले लॅरमी हे गाव स्त्रियांच्या इतिहासात अपूर्व आहे. वायोमिंगने १० डिसेंबर १८६९ रोजी स्त्रियांना मताचा अधिकार दिला. मार्च १८७० मध्ये लॅरमीत स्त्रिया ज्यूरीवर बसल्या आणि ६ सप्टेंबर १८७० रोजी सकाळी लुइसा स्वेन या वृद्ध बाईंनी तेथेच मतदान केले. आपली नायिका त्या ज्यूरीत असू शकते. पाव भाजणारे हात न्यायनिवाड्यासाठी वर होतात, हे दृश्य मला वाचायचे आहे.

पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या आणि १८८८ पर्यंत त्या देशात पूर्वेपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हिंडल्या. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ आपण वाचले असेलच. ख्रिस्ती झालेली, लहान मुलीची आई असलेली एक मराठी विधवा त्या काळच्या अमेरिकेकडे कसे पाहते, स्त्रियांच्या संस्था कशा चालतात याची किती बारकाईने नोंद घेते, हे सगळे मराठीत सिद्ध आहे. आपल्या कादंबरीची भाषा कोठून घ्यावी असा प्रश्न पडला असेल तर ती तेथे आहे. इंग्रजी कादंबरीच्या अनुवादासारखे मराठी नको.

भुसावळ जंक्शन :

पिंपळपार यांचे म्हणणे मला पटले. सुताराने बेंटनहून परतावे. सप्टेंबर १८६८ मध्ये बेंटन उठत होते, तंबू डब्यांवर चढत होते आणि पुढे युटापर्यंतचे काम शिल्लक होते. सगळी गर्दी पश्चिमेला निघालेली असताना हा एक माणूस हत्यारांची पेटी घेऊन पूर्वेकडे जाणाऱ्या रिकाम्या मालगाडीवर बसतो. कामासाठी लागणारे रूळ, स्लीपर आणि खिळे पूर्वेकडून येत आणि डबे रिकामे परत जात, म्हणून हे अगदी शक्य आहे. पुढच्या काही महिन्यांची चांगली मजुरी त्याने सोडली, हे तिला त्याच्या तोंडून ऐकावे लागणार नाही. गाडी कोणत्या दिशेने आली यावरूनच तिला ते समजेल.

आणखी एक आठवले. पुढे १८९० पासून अमेरिकेत रुळांवर चालणारी चर्चे निघाली. नॉर्थ डकोटाच्या बिशप वॉकर यांनी असा पहिला डबा तयार करवून घेतला आणि १८९१ मध्ये बॅप्टिस्टांचा ‘इव्हँजेल’ हा डबा निघाला. एका भागात बाके, व्यासपीठ आणि बाजाची पेटी, मागच्या टोकाला पाळक व त्याच्या पत्नीचे इवलेसे घर. जेथे चर्च नाही तेथे सायडिंगला डबा उभा राही आणि मंडळी जमली की पुढच्या गावी जाई. सायडिंगला उभ्या डब्यात रात्री शेजारून मेल धडधडत गेली की भांडी कशी वाजत असतील, ते मी सांगू शकतो. त्या पाळकीणबाईंवर कोणी तरी लिहायला हवे.

कोरा कागद :

मिशनगृहाविषयी सांगितल्याबद्दल आभार. तहाची बातमी नायिकेच्या कानावर येणार हे वाचून समाधान वाटले. एक सुचवतो. ऑक्टोबर १८६८ मध्ये लॅरमीत स्वयंघोषित पंचांच्या टोळीने काही गुंडांना फाशी दिले. सुतार सप्टेंबरात परतला तर त्याची खरी परीक्षा महिन्याभरात येते. ‘गाव स्वच्छ करायचे आहे, तूही ये’ असे शेजारी म्हणतील. गावात राहायचे ठरवलेल्या माणसाला गावाविरुद्ध उभे राहणे अधिक कठीण जाते.

प्लॅटकाठ :

आपण सर्वांनी माझ्या कथेचा कणाच सरळ केला आहे. जून १८६९ मी काढून टाकला. सुतार आयरिश आणि कॅथलिकच राहील, आणि कादंबरीच्या शेवटापर्यंत त्याचे आणि तिचे चर्च एक होणार नाही. ते दोघे प्रार्थना एकत्र करतील, कारण तेवढे त्यांना सुरुवातीपासून जमत आले आहे. कपाटातील प्रकाशकांना हे चालणार नाही याची मला कल्पना आहे, पण मी मराठीत लिहीत आहे.

काल रात्री ऑक्टोबरचे प्रकरण लिहून झाले. माणसे तिच्या तंबूशी येतात आणि सुताराकडे दोर व हातोडा मागतात. डेल क्रीकच्या पुलाला ताण दिलेला तोच दोर त्याच्या पेटीत आहे. तो नाही म्हणतो, ते जबरदस्तीने पेटी उचलून नेतात, आणि सकाळी पेटी रिकामी सापडते. तो तिच्यासमोर मान खाली घालून बसतो. रूथने नामीला म्हटलेले शब्द तिला लहानपणापासून पाठ आहेत : तुमचे लोक ते माझे लोक. हे शब्द सुनेने सासूला म्हटले होते, नवऱ्याला नव्हे, आणि बेथलेहेमातले ते लोक कसे निघतील हे रूथला माहीत नव्हते, हे तिला त्या सकाळी प्रथमच जाणवते. बाहेर काल फाशी देणाऱ्यांपैकी दोघे पावासाठी रांगेत उभे आहेत. ती त्यांना पाव देते की नाही, हे मी अजून लिहिलेले नाही. आज रात्री बसणार आहे.